डिसेंबरची मुलं

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कर्वेनगरच्या एका सोसायटीतली तरुण आई माझ्याकडे चिठ्ठी घेऊन आली. मुलाच्या नर्सरीतून आलेली चिठ्ठी होती. मूल एका जागी बसत नाही, गोष्ट चालू असताना उठून जातं, दुसऱ्यांच्या वस्तू ओढतं, सूचना ऐकत नाही. तरी एडीएचडीची, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराची, तपासणी करून अहवाल आणावा, मग ज्युनिअर केजीच्या प्रवेशाचं बघू, असा मजकूर. मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा. माझ्याकडे येण्याआधी तिने ती चिठ्ठी सोसायटीच्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकली होती आणि दोन दिवसांत तिथे धुमश्चक्री उडाली होती. तिने मला सगळे निरोप वाचायला दिले. मी सव्वीस वर्षं पुण्यात बालवाडी चालवली. हा वाद मी शाळेच्या ओट्यावर, पालकसभेत, लग्नाच्या पंगतीतही ऐकला आहे. इतक्या वर्षांत तो पुढे सरकलेला नाही, कारण तो मुळात चुकीच्या प्रश्नावर चालला आहे.

एका बाजूचं म्हणणं असं की तीन वर्षांचं पोर बसत नाही यात नवल काय, आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आता प्रत्येक खोडीला इंग्रजी नाव लागतं आणि नावापाठोपाठ फीची पावती येते. दुसरी बाजू म्हणते, अजिबात वेळ घालवू नकोस, लवकर सापडलं तर लवकर सुटतं, अमुक ठिकाणी आजच नाव नोंदव. दोन्ही बाजूंना त्या आईबद्दल कळकळ आहे याची मला शंका नाही. पण दोन्ही बाजू तपासणी आणि निदान या दोन गोष्टी एकच समजतात. म्हणून एकीला तपासणीच नको असते आणि दुसरीला पहिल्याच भेटीत नाव हवं असतं. माझं मत आधीच सांगून टाकते. बालवाडीच्या वयातल्या मुलाबद्दल आईला किंवा बाईंना काळजी वाटली तर तपासणी लगेच व्हावी, मदतही लगेच सुरू व्हावी. नाव मात्र सावकाश द्यावं. आणि या सगळ्याचा शाळेच्या प्रवेशाशी काडीचाही संबंध नसावा.

त्या आईला मी पहिला प्रश्न विचारला तो जन्मतारखेचा. एकवीस डिसेंबर. चिठ्ठीत मुलाच्या वागण्याबद्दल चार ओळी होत्या, त्याच्या वयाबद्दल एक अक्षर नव्हतं. महाराष्ट्रात नर्सरीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत तीन वर्षं पूर्ण व्हावी लागतात. म्हणजे त्याच वर्षी जानेवारीत जन्मलेलं मूल आणि डिसेंबरात जन्मलेलं मूल एकाच वर्गात, एकाच सतरंजीवर बसतं. जूनमध्ये शाळा उघडते तेव्हा जानेवारीचं मूल जवळजवळ साडेतीन वर्षांचं असतं आणि डिसेंबरचं अडीच वर्षांचं. चाळिशीच्या दोन माणसांत वर्षाचा फरक कुणाच्या लक्षातही येत नाही. अडीच वर्षांच्या मुलासाठी मात्र एक वर्ष म्हणजे त्याच्या अख्ख्या आयुष्याचा पाऊण हिस्सा नसला, तरी त्याच्या अर्ध्याच्या जवळ जाणारा काळ आहे. या एका वर्षात मूल दोन शब्दांच्या वाक्यावरून 'कारण'पर्यंत येतं, चड्डी ओली न करायला शिकतं, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतं. मग ज्याला अजून थांबता येत नाही ते आजारी, की नुसतं लहान?

हा माझा नुसता अंदाज नाही. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशाची सीमारेषा आपल्यासारखीच ३१ डिसेंबर आहे. तिथल्या ६ ते १२ वयाच्या नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांच्या तुलनेत डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना एडीएचडीचं निदान मिळण्याचं प्रमाण ३० टक्क्यांनी जास्त निघालं, मुलींमध्ये तर ७० टक्क्यांनी. औषधाचं प्रमाणही त्याच दिशेने. अमेरिकेत ज्या राज्यांत १ सप्टेंबर ही सीमा आहे, तिथे ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांच्या बाबतीत हेच दिसल्याचं २०१८ मध्ये पुढे आलं. मेंदूचा विकार जन्माचा महिना बघून येत नाही. तेव्हा यातली काही मुलं वर्गातल्या इतरांपेक्षा लहान होती, एवढाच त्यांचा दोष होता. आणि हे शाळेत जाणाऱ्या, त्यातल्या त्यात मोठ्या मुलांचं झालं. तिथे वर्षाच्या फरकाने एवढी गल्लत होते, तर नर्सरीत किती होत असेल?

इथवर वाचून पहिल्या बाजूचे लोक म्हणतील, बघा, आम्ही हेच सांगत होतो. त्यांना माझं पुढचं म्हणणं आवडणार नाही.

कारण 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' हे खरं नाही. जॉर्ज स्टिल नावाच्या डॉक्टरांनी १९०२ मध्ये लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत अशा मुलांचं वर्णन केलं होतं: बुद्धीला कमी नाहीत, पण स्वतःला आवरता येत नाही, शिक्षेचा उपयोग होत नाही. स्टिल यांनी त्याला नैतिक नियंत्रणाचा अभाव म्हटलं. पुढे कुणी मेंदूला झालेली सूक्ष्म इजा म्हटलं. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसूचीत १९६८ मध्ये अतिचंचलतेला जागा मिळाली, १९८० मध्ये नावात अवधान आलं, १९८७ मध्ये आजचं नाव आलं. नावं बदलत गेली कारण समज बदलत गेली. मुलं आधीपासून होतीच. आपल्याकडेही ती होती. त्यांना आपण वांड, उनाड, व्रात्य म्हणत होतो. त्यांची शाळा चौथी-पाचवीत सुटायची आणि ती कुठेतरी कामाला लागायची. मग 'आमच्या वेळी' ती वर्गात दिसणार कशी? जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून या स्थितीतला आनुवंशिकतेचा वाटा ७० टक्क्यांच्या वर निघतो. मी पालकांशी बोलायला लागले की दहातल्या निम्म्या वेळा बाबा खाली मान घालून म्हणतात, 'मीही असाच होतो.' त्या मान घालण्यात काय काय सोसलेलं असतं ते मी पाहिलं आहे.

या बाजूचं दुसरं वाक्य, 'मोठा झाला की निवळेल.' हे वाक्य मी स्वतः वापरलं आहे. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी माझ्या बालवाडीत एक मुलगा होता. वर्गात, अंगणात, घरी, आजोळी, सगळीकडे सारखाच. रस्ता दिसला की हात सोडून पळायचा. दोनदा टाके पडले होते. जन्म फेब्रुवारीचा, म्हणजे वर्गातल्या मोठ्या मुलांपैकी. त्याची आई मला तीनदा विचारायला आली आणि तिन्ही वेळा मी तिला सांगितलं, थांबा, मुलगे असेच असतात. तो चौथीत असताना ती पुन्हा भेटली. दोन शाळा बदलून झाल्या होत्या. मुलगा स्वतःला 'मी वाईट आहे' म्हणायला लागला होता. डॉक्टरांनी पाहिल्यावर जे कळलं ते कळायला पाच वर्षं उशीर झाला होता आणि त्यातली निदान दोन वर्षं माझ्या सल्ल्यामुळे गेली होती. चार वर्षांच्या मुलाला निदानाचा शिक्का बसला तर ते दुखावेल, ही भीती मला समजते. पण शिक्का बसायचा थांबत कुठे असतो? डॉक्टरांनी नाव दिलं नाही तर वर्ग देतो, शेजारी देतात, आणि ती नावं पुसायला कुणी पुढच्या भेटीची तारीख देत नाही.

शास्त्र काय सांगतं? अमेरिकेत तीन ते साडेपाच वर्षांच्या तीनशेवर मुलांचा एक मोठा अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष २००६ मध्ये आले. त्यातल्या मुलांची निवड फार काटेकोरपणे झाली होती, मध्यम ते तीव्र त्रास असलेलीच मुलं घेतली होती. सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हा त्यांतल्या सुमारे ९० टक्के मुलांमध्ये ही स्थिती कायम होती. हा आकडा लवकर-लवकर म्हणणाऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे आणि तो मी मान्य करते: बालवाडीच्या वयातही खरा एडीएचडी ओळखता येतो आणि तो आपोआप निवळत नाही. पण याच आकड्याची अट विसरू नका. काटेकोर तपासणी केली म्हणून ते निदान टिकलं. वीस मिनिटांच्या भेटीत, एका कागदावर आईकडून खुणा करून घेऊन दिलेल्या नावाला हा आकडा लागू होत नाही.

मग काटेकोर म्हणजे काय? निकष सांगतात की लक्षणं किमान सहा महिने टिकलेली हवीत, वयाच्या मानाने जास्त हवीत, आणि दोन किंवा अधिक ठिकाणी दिसायला हवीत. दुसऱ्या ठिकाणाची ही अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. शाळेतच धुडगूस घालणारं आणि आजोबांबरोबर सारसबागेत तासभर मासे बघत उभं राहणारं मूल काहीतरी सांगत असतं, आणि ते बहुधा शाळेबद्दल असतं. उलट, आवडत्या खेळातही दोन मिनिटं न टिकणारं, झोपेतही शांत नसलेलं मूल वेगळं काही सांगत असतं. अमेरिकन बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना मूल्यमापनाची सुरुवात चौथ्या वर्षापासून धरतात. आमच्या चिठ्ठीतला मुलगा तीन वर्षं दोन महिन्यांचा होता. ज्या वयाबद्दल तज्ज्ञ बोलायला बिचकतात त्या वयाचा अहवाल शाळा कशाच्या आधारावर मागते?

आणि चांगली तपासणी एडीएचडीपासून सुरू होतच नाही. ती कानापासून सुरू होते. माझ्याकडे एक मुलगा होता, हाक मारली तरी वळायचा नाही, गोष्टीच्या वेळी कोपऱ्यात ठोकळे पाडत बसायचा. सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्याच्या आजी एकदा बोलता बोलता म्हणाल्या, रात्रभर तोंड उघडं टाकून घोरतो हो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पाहिलं तर ॲडेनॉइड्स, म्हणजे नाकामागच्या गाठी, वाढलेल्या आणि दोन्ही कानांच्या पडद्यांमागे पाणी साठलेलं. त्याला अर्धवट ऐकू येत होतं आणि रात्री धड झोप नव्हती. उपचार झाल्यावर दोन महिन्यांत तो गोष्ट ऐकायला पुढे सरकून बसायला लागला. रक्तातलं लोह बघायला हवं: २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांपैकी ६७ टक्के बालकं रक्तक्षय असलेली आढळली, आणि लोह कमी पडलेलं मूल चिडचिडं आणि अस्वस्थ असू शकतं. झोप मोजायला हवी: जागतिक आरोग्य संघटना तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप आणि दिवसभरात तीन तास हालचाल हवी असं सांगते, पडद्यासमोर बसणं एका तासाच्या आत. वाकड-हिंजवडीकडच्या किती घरांत आईबाबा रात्री साडेआठला परततात, मूल अकराला झोपतं आणि सकाळी सातच्या व्हॅनसाठी उठवलं जातं? भाषा बघायला हवी: घरी मराठी किंवा कानडी, सांभाळणाऱ्या मावशींची हिंदी आणि वर्गात इंग्रजी, असं असलेलं मूल 'सूचना ऐकत नाही' की त्याला सूचना कळतच नाही? घरात नवं बाळ आलं का, घर बदललं का, मारझोड होते का, हेही विचारावं लागतं. आणि हे सगळं सापडलं तरी एडीएचडी नसेलच असंही नाही, दोन्ही एकत्र असू शकतात. म्हणून एका भेटीत हे काम होत नाही.

पुण्याला हे शिकायला लांब जायला नको. इथल्या केईएम रुग्णालयात १९८७ ते १९८९ दरम्यान जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा पाठपुरावा डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलं अठरा वर्षांची होईपर्यंत केला. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या बाळांना पुढे अवधानाच्या आणि शिकण्याच्या अडचणी येण्याचा धोका जास्त असतो. त्या एकदा बघून कळत नाहीत. त्यासाठी मूल वाढताना बघत राहावं लागतं, तेही ठरलेल्या वेळी, त्याच त्या नोंदी ठेवून. ज्या शहरात हे काम झालं त्या शहरात एका बैठकीत अहवाल लिहून मिळतो याचं मला वाईट वाटतं.

आता गोळीबद्दल, कारण आयांच्या पोटात गोळा येतो तो तिच्यामुळे. तपासणीला गेलं की डॉक्टर मुलाला औषधावर टाकतील, ही भीती पहिल्या बाजूने फार पसरवली आहे. प्रत्यक्षात मार्गदर्शक सूचना उलटं सांगतात. अमेरिकन सूचनांनुसार चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांचं प्रशिक्षण आणि वर्गातले बदल. त्याने पुरेसा फरक पडला नाही आणि त्रास मोठा असेल तरच मेथिलफेनिडेट या औषधाचा विचार. ब्रिटनच्या २०१८ च्या सूचना पाच वर्षांखाली पालकांच्या गट-प्रशिक्षणालाच पहिलं स्थान देतात आणि औषध द्यायचंच झालं तर या वयाचा अनुभव असलेल्या दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्यायला लावतात. वर सांगितलेल्या २००६ च्या अभ्यासातही आधी दहा आठवडे पालकांचं प्रशिक्षण झालं. औषधाचा उपयोग झाला, पण मोठ्या मुलांइतका नाही, आणि दुष्परिणामांमुळे सुमारे ११ टक्के मुलांचं औषध थांबवावं लागलं. म्हणजे गोळी हे विषही नाही आणि पहिली पायरीही नाही.

'पालकांचं प्रशिक्षण' म्हटलं की आयांना वाटतं आपल्यालाच दोषी धरलं. तसं अजिबात नाही. चष्मा लागलेल्या मुलाच्या आईने काही चूक केलेली नसते, तरी पुस्तक उजेडात धरायला तिलाच शिकवावं लागतं. यात शिकवतात त्या साध्या, पण चिकाटीच्या गोष्टी: लांबून ओरडण्याऐवजी जवळ जाऊन, डोळ्यांत बघून एकच सूचना द्यायची, चांगलं वागला की त्याच क्षणी, कशाबद्दल ते सांगून कौतुक करायचं, रोज दहा मिनिटं त्याच्या मनाप्रमाणे खेळायचं, आणि आईने 'नाही' म्हटलेलं आजीने 'हो' करायचं नाही. ही शेवटची गोष्ट आपल्या घरांत सगळ्यात अवघड, मी अनुभवाने सांगते. यातलं काहीही करायला निदानाची वाट बघावी लागत नाही, आणि ज्याला एडीएचडी नाही अशा मुलाचंही याने भलंच होतं. मग उशीर कशासाठी?

एक तिसरा सूर आहे आणि तो मला जवळचा आहे: दोष मुलात नाही, शाळेत आहे. तीन वर्षांच्या मुलाला बाकावर बसवून रेघांमध्ये अक्षरं गिरवायला लावायची आणि ते उठलं की त्याची तपासणी करायची, हा अन्याय नाही का? आहेच. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे कोसबाडला हेच ओळखलं. मुलं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी शाळा मुलांच्या अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली. त्यांनी मुलांना नाव ठेवलं नाही, शाळेला हलवलं. आज पुण्यातल्या कित्येक नर्सऱ्या इमारतीच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत भरतात, अंगण नाही, माती नाही, आणि मुलाने चार तास हलू नये अशी अपेक्षा. अशा जागी निम्मी मुलं चंचल ठरली नाहीत तरच आश्चर्य. पण एवढ्यावर थांबलं तर चालणार नाही. माझ्या बालवाडीला अंगण होतं, वाळू होती, चढायला आंब्याचं झाड होतं. तिथे बहुतेक मुलांची चंचलता विरून जायची, आणि म्हणूनच ज्यांची विरत नव्हती ती एक-दोन मुलं मला स्पष्ट दिसायची. चांगली शाळा तपासणीची गरज संपवत नाही. ती तपासणी कुणाला लागेल ते नेमकं दाखवते.

पैशाचा प्रश्नही टाळून चालणार नाही. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाड्यांतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरलेली आहे आणि त्या यादीत अवधान-चंचलतेची अडचणही आहे. म्हणजे वस्तीतल्या अंगणवाडीत जाणाऱ्या मुलाकडे बघायला निदान कागदावर कुणीतरी येतं, पुढचे हेलपाटे त्याच्या आईला रोजगार बुडवून घालावे लागतात ते वेगळं. खाजगी नर्सरीतलं मूल मात्र त्या व्यवस्थेच्या बाहेर. शिक्षणहक्क कायदाही सहा वर्षांपासून सुरू होतो. या मधल्या रिकाम्या जागेत नर्सरी स्वतःच तपासणीची मागणी करते, स्वतःच प्रवेश अडवते, आणि घाबरलेले पालक जिथे लवकर कागद मिळेल तिथे जातात. अहवालावर प्रवेश टांगला की तपासणीचा हेतूच बदलतो. आई मग मुलाची अडचण सांगत नाही, लपवते. बालरोगतज्ज्ञांसमोर 'घरी अगदी शांत असतो हो' म्हणणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्यांना खोटं बोलायला भाग पाडणारं कोण?

त्या दिवशी आम्ही दोघींनी बसून शाळेच्या चिठ्ठीऐवजी दुसरा कागद तयार केला, तिच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवायला. नर्सरीच्या बाईंनाही तिने तो दिला, आणि त्यांनी आपणहून त्यात दोन ओळींची भर घातली. त्यावर लिहिलं होतं:

जन्म २१ डिसेंबर. वर्गातला सगळ्यात लहान. जन्मवजन अडीच किलो, पूर्ण दिवसांचा. रात्री साडेदहाला झोपतो, सकाळी पावणेसातला उठवतो, दुपारी झोपत नाही. घोरतो की नाही ते या आठवड्यात बघायचं आहे. ऐकण्याची तपासणी झालेली नाही. घरी मराठी, शाळेत इंग्रजी. चिकणमाती दिली तर पंचवीस मिनिटं बसतो. गोष्ट इंग्रजीतून असली की उठतो, चित्रं दाखवली तर थांबतो. बागेत हात सोडून पळत नाही. शाळेत दिवसातून तीन-चार वेळा दुसऱ्याची वस्तू ओढतो, बहुतेक वेळा डब्याच्या सुट्टीआधी. पुन्हा भेट ऑगस्टमध्ये, नवा वर्ग सुरू होऊन दोन महिने झाल्यावर.